सोबत्याची सही

मित्रांनो, मी एक जुनी दुनळी बंदूक आहे आणि माझा मुक्काम पोलीस चौकीत असतो. गैरसमज करून घेऊ नका, मी कसलाही गुन्हा केलेला नाही. आमच्या कोरियात, निदान आमच्या सोलगोल गावाच्या पंचक्रोशीत तरी, शिकारीची बंदूक घरी ठेवायची सोयच नाही. मोसम सुरू झाला की मालकाने सकाळी चौकीत यायचे, सही करून मला न्यायचे आणि दिवस मावळायच्या आत परत आणून द्यायचे. लोखंडी कपाटात आम्ही चारसहा जणी शेजारी शेजारी उभ्या असतो. वसतिगृहातल्या मुलींसारखी आम्हाला आता एकमेकींची सवय झाली आहे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. माझा अक्रोडाचा दस्ता एका म्हाताऱ्या कारागिराने तेल चोळून चोळून इतका गुळगुळीत केला की त्याच्यावर माशी बसली तरी घसरावी. बोटीतून, मग आगगाडीतून आणि शेवटी बैलगाडीतून मी सोलगोलला मेंग घराण्यात आले. तेव्हाचे कायदे सैल होते. मी घरातच, रजया ठेवायच्या कपाटामागे उभी असे. थोरले मेंग तितर मारायचे, आजी त्याचे कालवण करायची आणि सारे घर माझे कौतुक करायचे. मीही जरा शेफारलेच होते.

पण एका उन्हाळ्यात भातशेताच्या पाण्यावरून थोरल्या मेंगांचे आणि त्यांच्या धाकट्या भावाचे वाजले. भाऊ अंगणात सोया सॉसच्या रांजणांपाशी उभा राहून काहीबाही बोलत होता. थोरले मेंग तरातरा आत आले, मला उचलले आणि बाहेर जाऊन बार काढला. भावाच्या शेजारचा रांजण फुटला आणि काळाभोर सॉस अंगणभर वाहत गेला. भाऊ वाचला तो केवळ नशिबाने. थोरले मेंग पायरीवर बसले. त्यांचा राग रांजण फुटताक्षणीच उतरला होता, पण भाऊ शहरात निघून गेला तो पूर्वजांच्या पूजेलाही पुन्हा आला नाही. मला त्या दिवसाची अजून लाज वाटते. मी हाताशी नसते तर ते दोघे फार तर एकमेकांच्या अंगावर चिखल फेकून मोकळे झाले असते.

पुढे कायदा बदलला आणि मी चौकीत राहायला आले. थोरल्या मेंगांच्या मागे मी त्यांच्या मुलाच्या, दोकसूच्या नावावर झाले. दोकसू म्हणजे राजा माणूस, फक्त नाकावर राग. त्याचा जिवाभावाचा सोबती म्हणजे शेजारचा प्योन गिलह्वान. नियम असा आहे की एकट्याला बंदूक मिळत नाही. बरोबर सोबती लागतो आणि त्याचीही सही लागते. हे दोघे वर्षानुवर्षे एकमेकांचे सोबती. सकाळी नारिंगी जाकिटे घालून यायचे, आपापल्या बंदुकांसाठी एकमेकांचे सोबती म्हणून सह्या ठोकायचे आणि रताळ्याच्या शेतांत धुडगूस घालणाऱ्या रानडुकरांच्या मागे लागायचे. एकदा तर आम्ही म्हशीएवढा डुक्कर लोळवला. तो दोकसूने मारला असे गाव म्हणे, आणि गावाने तसे म्हटलेले दोकसूला फार आवडे.

चौकीत सकाळी सह्यांसाठी खोळंबा झाला की या कायद्याला सगळे शिकारी मिळून शिव्या घालत. दोकसूचा आवाज सगळ्यात मोठा. त्याचे म्हणणे, ज्याला खून करायचा तो काय चौकीत येऊन सही करणार आहे? घरोघरी कोयते आहेत, त्यांची का नोंद नाही? हा सगळा ताप आमच्यासारख्या सरळ माणसांना. गिलह्वान त्याला दुजोरा देई. चौकीच्या फौजदार बोंग बाई जवाच्या चहाचे पेले भरत सगळे ऐकून घेत आणि म्हणत, "खरंय काका. इथे सही करा." मला कपाटातून दोन्ही बाजू ऐकू येत, आणि खरे सांगते, दोकसूचे म्हणणे मला अगदीच चुकीचे वाटत नसे.

मग गावात किमची, म्हणजे कोबीचे तिखट लोणचे, घालायचा दिवस आला. पुढचे मला मागाहून कळले, कारण चौकीत गावातले काहीच लपून राहत नाही. सारे गाव पंचायतीच्या अंगणात कोबीला तिखट चोळत बसले होते. उकडलेले डुकराचे मांस आणि तांदळाची दारू फिरत होती. कोणीतरी त्या म्हशीएवढ्या डुकराची गोष्ट काढली. गिलह्वान बोलून गेला की तो बार आपल्या बंदुकीचा होता, आणि दोकसूचा हात आता इतका कापतो की त्याला समोरचा डोंगरसुद्धा लागायचा नाही. सगळे हसले. दोकसू ताटावरून उठला, टोपी तिथेच विसरला आणि तडक चौकीकडे निघाला. घर वाटेतच होते आणि दाराशी कोयता टांगलेला होता, पण त्याच्याकडे त्याने पाहिलेही नाही. त्याला मीच हवी होते.

दार धाडकन उघडले. त्याचा चेहरा पाहिला आणि माझ्या दोन्ही नळ्या गार पडल्या. तो चेहरा मी ओळखत होते. रजयांच्या कपाटाशी मी तो एकदा पाहिला होता.

"माझी बंदूक द्या," दोकसू म्हणाला.

बोंग बाईंनी त्याच्या तोंडाचा वास ओळखला असणार. कपाटाची किल्ली त्यांनी मुकाट्याने खिशात टाकली, नोंदीचा कागद पुढे ओढला आणि रोजच्याच सुरात विचारले, "कशासाठी काका?"

"रानडुक्कर मारायचंय."

"कुठलं?"

"दोन पायांचं."

बाई हसल्या नाहीत. "दोन पायांचं माझ्या यादीत नाही," त्या म्हणाल्या. "बरं, सोबती कोण?"

आणि मित्रांनो, दोकसू वर्षानुवर्षांच्या सवयीने बोलून गेला, "कोण म्हणजे? गिलह्वान."

दोकसूच्या तोंडाचा आ तसाच राहिला. आपण काय बोललो हे त्याच्या हळूहळू ध्यानात आले. बाईंनी मात्र शांतपणे फोन उचलला आणि गिलह्वानला बोलावले. येण्याआधी जरा वेळ थांबा, असेही त्यांनी सांगितले. मग दोकसूसमोर चहा ठेवला. त्याने तो घेतला नाही. थोड्या वेळाने घेतला. मग तो खाली मान घालून रडला, आणि बाई खिडकीकडे तोंड करून कागद लावत बसल्या.

गिलह्वान आला तो कोपरापर्यंत तिखटाने लाल झालेले रबरी हातमोजे घालूनच. काखेत दोकसूची टोपी होती आणि हातात मांसाचा डबा. बाईंनी त्याला दारातच थांबवून दोकसूकडे एकदा नीट निरखून पाहिले, मग आत सोडले. दोकसू बसला होता त्याच बाकावर, पण पार दुसऱ्या टोकाला गिलह्वान बसला.

"मी सही करत नाही," गिलह्वान म्हणाला.

"मागतोय कोण तुझी सही?" दोकसू गुरगुरला.

"लेका, झाडीत तू बार काढतोस तेव्हा तुझ्यापुढे कोण उभा असतो? मीच ना? दोन मोसम झाले, प्रत्येक बाराला माझा जीव मुठीत असतो. तुला एकट्याला सांगायची छाती झाली नाही, म्हणून चारचौघांत हसण्यावारी नेलं. ते माझं चुकलं."

दोकसूने आपला हात पुढे धरून पाहिला. तो कापत होता. मला तर ते कधीचेच ठाऊक होते. घोड्यावर त्याचे बोट येई तेव्हा माझा दस्ता शहारत असे. पण मला सांगता येत नव्हते, आणि ज्याला सांगता येत होते तो घाबरत होता.

"तो डुक्कर तरी माझाच होता," हात मागे घेत दोकसू म्हणाला.

"बरं बाबा, तुझाच. जेव आता."

दोघांनी तो डबा चौकीतच संपवला. एक तुकडा बाईंनीही खाल्ला. त्या संध्याकाळी मी कपाटातच राहिले आणि आयुष्यात प्रथमच बाहेर जायला न मिळाल्याचा मला आनंद झाला.

मित्रांनो, कायद्याने हाणामाऱ्या थांबतात का, हा वाद चौकीत अजून रंगतो. मी काही शिकलेली नाही. ज्याच्या मनात कायमचे विष आहे त्याला एक कागद अडवील, असे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण माझ्या दोन्ही मालकांच्या मनात विष नव्हते. ती वर्षभर चांगली असणारी माणसे होती, फक्त एखाद्या घटकेला वाईट होणारी. त्या घटकेला एकाच्या हाताशी मी होते आणि दुसऱ्याच्या वाटेत एक चौकी, एक पेला चहा आणि एका मित्राची सही होती. पहिल्याला भाऊ पुन्हा दिसला नाही. दुसऱ्याचा मित्र त्याच्याच बाकावर येऊन बसला.

दोकसूने यंदा परवाना परत केला. कायद्याप्रमाणे मी आता भट्टीत जाणार आहे. वाईट वाटून घेऊ नका, मी मजेत आहे. माझ्या लोखंडाची खुरपी झाली तर रताळी काढायला तरी जाईन. जायच्या आधी एवढेच मागते, की रागाच्या क्षणी हातात येऊ नये अशी वस्तू रागापासून लांब ठेवा, आणि ज्याच्या सहीवाचून आपले पाऊल अडेल असा एक तरी सोबती जवळ ठेवा.

दोकसू मात्र अजून रोज सकाळी चौकीत येतो. नारिंगी जाकीट घालतो, माझ्या कपाटावर एक टिचकी मारतो आणि कापऱ्या हाताने सही करतो. बंदूक गिलह्वानची असते. सोबत्याच्या रकान्यात नाव दोकसूचे असते.