फुलीवरची सही

मामाच्या दुकानातून सर्व्हर नुसती लिनक्स प्रणाली घालून, बाकी कोरेच जायचे. फायली जिवापाड जपणारी फाइलसिस्टिम, म्हणजे डिस्कवर फायली सांभाळणारं वेगळं सॉफ्टवेअर, भाची गिऱ्हाइकाकडे जाऊन त्यात बसवायची आणि जोडून दिल्याच्या कागदावर सही करायची. "तुझ्या हाताला यश आहे," मामा म्हणायचा, आणि ही खुळी हुरळून जायची.

आज वकिलाची नोटीस आली. लिनक्स आणि ती फाइलसिस्टिम, दोन्ही गोष्टी फुकट, पण त्यांची लायसन्सं एकमेकांशी जुळत नाहीत. जोडून द्यायची परवानगी नाही. तर जोडून दिलं कोणी?

"मामा, तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून," मामा चष्मा पुसत म्हणाला. "म्हणून तर दुकानात कधी जोडलं नाही."

तिने सहा वर्षांचे कागद काढले. सह्या सगळ्या तिच्या. मामाच्या हातचं एवढंच होतं: तिने सही जिथे करायची, तिथे पेन्सिलीची बारीक फुली.