पडद्याआडचा फासा

“सूत्रधाराच्या पडद्याआड डोकवायचं नाही. त्याचा फासा तपासावासा वाटला, की खेळ संपला म्हणून समज. मग आपण आपलं घरी बसून पत्ते पिसावेत.”

नवऱ्याने खेळ शिकवताना सांगितलेली ही पहिली गोष्ट, आणि वहिनीने ती पदराला गाठ मारून ठेवली होती. नवरा गेला, वर्ष उलटलं, तरी दर रविवारी दुपारी ती चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत जाऊन बसायची आणि त्या पुठ्ठ्याच्या पडद्याकडे चुकूनही मान उंचावायची नाही.

खेळ ऐकायला सोपा होता. प्रत्येकाने एक सोंग घ्यायचं. सूत्रधाराने गोष्ट सांगायची. जंगल त्याचं, नदी त्याची, अस्वलं आणि दरोडेखोरही त्याचेच. आपण काय करणार ते आपण बोलायचं, आणि ते साधलं की फसलं हे वीस बाजूंच्या फाशाने ठरवायचं: आकडा मोठा तर साधलं, लहान तर फसलं. खेळणाऱ्यांनी फासा सर्वांदेखत टाकायचा. सूत्रधाराने मात्र पडद्याआड, कारण पुढचे नकाशे आणि पुढची संकटं तिथेच मांडलेली असत. तो जो आकडा सांगेल तो बाकीच्यांनी मानायचा. सगळा डोलारा त्या एका मानण्यावर उभा.

सूत्रधार म्हणजे वहिनीचा धाकटा दीर. आठवडाभर लिफ्ट दुरुस्त करणारा, मोजकं बोलणारा माणूस. पण रविवारी पडद्यामागे बसला की त्याच्या आवाजात पूर यायचा. त्याच्या तोंडून ऐकून सगळेच तिला वहिनी म्हणत. चष्मेवाला तर तिच्याहून वयाने कितीतरी मोठा, तरी तोही वहिनीच म्हणायचा.

ती यायची त्याला कारण होतं. ती कपडे धुण्याच्या मोठ्या कारखान्यात इस्त्रीच्या टेबलावर काम करायची. नवरा गेल्यावर मुकादमीणबाईंनी तिच्याकडच्या डबल चादरी काढून घेतल्या आणि हातरुमाल दिले. हातरुमाल! जणू चादर हलकी झाली की दुःखही हलकं होतं. सासूबाई तिच्यासमोर मोठ्याने हसत नसत. शेजारीण वांझोटी चौकशी करून डोळे पुसत निघून जायची. साऱ्या जगाने तिला कापसात गुंडाळून फळीवर ठेवून दिलं होतं. फक्त या खोलीत दरोडेखोर तिच्यावर धावून यायचे, तिच्या सोंगातली नावाडीण जीव मुठीत धरून वल्हं मारायची, आणि वाचली तर स्वतःच्या हिमतीवर वाचायची. निदान असं तिला वाटत होतं.

त्या रविवारी खेळणाऱ्यांतल्या नर्सचा पाय मुरगळला होता. पाय लांब करायला तिला दाराजवळची जागा हवी होती, ती वहिनीची. म्हणून वहिनी तपासणीच्या उंच खुर्चीत जाऊन बसली, जिथे एरवी गिऱ्हाईक बसतं. खोली आखूड असल्याने अक्षरांचा तक्ता खुर्चीच्या मागे टांगलेला आणि समोरच्या भिंतीवर आरसा; गिऱ्हाइकाने आरशात बघून अक्षरं वाचायची. आदल्या दिवशी एका लहान मुलीची तपासणी करताना चष्मेवाल्याने तो आरसा खाली झुकवला होता आणि तसाच ठेवला होता. आरशाला पाठ करून सूत्रधार बसलेला.

वहिनीने मुद्दाम पाहिलं नाही. डोळे वर गेले आणि दिराच्या खांद्यावरून आरशात पडद्याची आतली बाजू दिसली. नकाशा, अर्धी बिस्किटं, आणि तो टपोरा काळा फासा. दरोडेखोराने नावाडिणीवर भाला फेकला होता. फासा थांबला.

“चार,” दीर म्हणाला. “हुकला. वहिनी, भाला तुमच्या कानाजवळून गेला.”

चष्मेवाला म्हणाला, वहिनींच्या नावाडिणीला यमानेच पाठ दाखवलीय. सगळे हसले. वहिनीही हसली, पण हसू ओठांवरच राहिलं. आरशात आकडा उलटा दिसत होता हे खरं. पण वीस उलटे केले म्हणून त्याचे चार होत नाहीत.

तिने स्वतःलाच दटावलं. उजेड वाईट असेल, आपलीच नजर चुकली असेल. जो माणूस भावाच्या आजारपणात आठ-आठ तास दवाखान्याच्या बाकावर बसून राहिला, त्याच्यावर संशय घ्यायचा? पण संशय एकदा दारात आला की आत यायला त्याला पायघड्या लागत नाहीत. पुढच्या डावाला ती म्हणाली की नावाडीण वल्हं टाकून देते आणि रिकाम्या हाताने दरोडेखोरांच्या म्होरक्यासमोर जाऊन उभी राहते.

नर्सने कपाळाला हात लावला. चष्मेवाला म्हणाला, अहो वहिनी, जिवावर उदार झालात का. दिराने दोनदा विचारलं, नक्की ना, वहिनी? ती म्हणाली, नक्की. पडद्यामागे फासा गडगडला. या वेळी तिने उघड्या डोळ्यांनी आरशात पाहिलं. अठरा.

दिराने फासा पाहिला. मग म्हणाला, “पाच. म्होरक्याचा पाय घसरतो.”

“भाऊजी,” वहिनी म्हणाली, “फाशाला हात लावू नका. पडदा खाली घ्या.”

आवाज चढला नव्हता. तो कधीच चढत नसे. पण नर्सने चहाचा कप खाली ठेवला. दिराने मागे वळून आरसा पाहिला, आणि त्याचे कान लाल झाले. पडदा त्याने स्वतःच आडवा केला. अठरा सगळ्यांनी वाचलं.

आजच का, की आधीपासून, असं तिने विचारलं. “आधीपासून,” तो म्हणाला. मग अडखळत सांगू लागला, की दादाने शेवटच्या दिवसांत हात धरून म्हटलं होतं, तिला जप. त्या वर्षी तिने एवढं सोसलं होतं, वर तिची नावाडीणही आपल्या हाताने मारायची, हे त्याच्याच्याने झालं नाही.

“जपा म्हणाले होते ते. फसवा म्हणाले नव्हते,” वहिनी म्हणाली. “कारखान्यात मला हातरुमाल देतात, भाऊजी. मला वाटायचं, इथे तरी मला चादर मिळतेय.”

चष्मेवाल्याने मध्ये पडून पाहिलं. खेळच तर आहे, त्याने वाईट हेतूने केलं नाही, जाऊ द्या. वहिनी त्याच्याकडे वळली. ज्या माणसाशी ती कधी चढ्या शब्दाने बोलली नव्हती, त्याला ती म्हणाली, “खेळ आहे म्हणूनच, काका. बाहेर फासे कोण टाकतो ते दिसत नाही, आणि त्याला जाब विचारायची माझी पायरी नाही. त्याने टाकलं ते मी हात जोडून घेतलं. इथे माणूस टाकतो. इथे विचारणारच.”

तो चष्मा काढून पुसत बसला.

यावर कदाचित सारं निभावलं असतं. वहिनी रडली असती, दिराने माफी मागितली असती. पण नर्सला कुलूपवाला आठवला.

कुलूपवाला त्यांच्यातला सर्वांत जुना. वैद्याचं सोंग घ्यायचा. दिवसभर लोकांची कुलपं उघडतो, सुट्टीच्या दिवशीही चोर होऊन कुलपंच उघडू का, म्हणायचा. गेल्या थंडीत पुलावर अस्वलाने त्याच्या वैद्याला मारलं. इतक्या वर्षांचं सोंग एका फाशात गेलं. तो हसत उठला, पडलं ते पडलं म्हणाला, नवं सोंग घ्यायलाही बसला. पण त्याचं मन लागेना. हळूहळू यायचा थांबला. सगळ्यांनी मानलं, वय झालं.

“पुलावर अस्वल आधी वहिनींवर आलं होतं, हुकलं म्हणून वैद्याकडे वळलं,” नर्स म्हणाली. “तेव्हा किती पडलं होतं?”

दिराने फासा मुठीत घेतला. “एकोणीस.”

“आणि वैद्यावर?”

“ते खरं होतं.”

वहिनी उंच खुर्चीतून उतरली. तिच्या डोक्यात आग पेटली होती. आपल्या वाट्याचा घाव दुसऱ्याच्या अंगावर ढकलला गेला, आणि आपण त्या दिवशी टाळ्या वाजवत घरी गेलो! तो भला माणूस आपलं नशीबच फुटकं म्हणून हसत उठला, आणि ते नशीब नव्हतंच.

“म्हणजे मला जपायला तुम्ही त्यांना दिलंत,” ती म्हणाली. “माझं दुःख तेवढं दुःख. त्यांचं काय, भंगार?”

तो म्हणाला, वहिनी, चुकलं. ती म्हणाली, माझ्यापुरतं माफीचं मी बघेन. आज बघणार नाही. तिने नकाशावरची आपली लाकडी नावाडीण उचलली आणि म्होरक्याच्या पायाशी आडवी ठेवली. अठरा पडलेत, ही मेली, आता हिला कुणी उठवायचं नाही.

मग ती दिराला म्हणाली, “त्यांना तुम्ही सांगायचं. फोनवर नाही, समोर बसून. पुलावर काय पडलं होतं, सगळं. ते परत आले तर मी येईन. नाही आले, तर तुमची गोष्ट तुम्ही भिंतीला सांगा.”

“सांगतो.”

“असं पुष्कळदा सांगतो म्हणता तुम्ही. चार म्हणूनही सांगता.”

हा वार त्याला लागला. कुलूपवाला शिव्या देईल, तोंडावर दार लावेल, किंवा सगळ्यांत वाईट म्हणजे जाऊ दे रे म्हणून चहा विचारेल, हे सगळं त्याच्या चेहऱ्यावर वाचता येत होतं. वहिनीने त्याची सुटका केली नाही. एरवी त्याचा घसा कोरडा पडला की तीच पाण्याचा पेला सरकवायची. आज पेला जिथल्या तिथे राहिला.

“वचन देतो, वहिनी,” तो शेवटी म्हणाला. तिने मान हलवली नाही.

चष्मेवाल्याने उगाच आरसा सरळ केला. नर्स लंगडत कप गोळा करू लागली. वहिनी पुढच्या दुकानात येऊन काचेपाशी उभी राहिली, फ्रेमांच्या रांगांमागे. तिला वाटलं, हा आता सामान आवरेल, पिशवी भरेल, आणि उद्या जातो म्हणेल.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. दीर तिच्या बाजूने गेला, काही न बोलता. दारात वाकून त्याने बुटाची नाडी बांधली. ती सुटली, पुन्हा बांधली. पिशवी त्याने घेतलीच नव्हती. रस्त्यावर आल्यावर तो डावीकडे घराच्या दिशेने वळला नाही. एक मालाचा ट्रक जाईपर्यंत कडेला थांबला, शर्ट खाली ओढून नीट केला, आणि रस्ता ओलांडून कुलूपवाल्याच्या गल्लीत शिरला.