काकूंच्या हातून जळत नाही

"जळाली," ती म्हणाली आणि हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"काय जळालं? तुझ्या हातून?" स्वयंपाकघरातून नवऱ्याने विचारलं. "शक्यच नाही. आजवर साधा पाव करपलेला पाहिला नाही मी."

"ढाल हो. खेळातली."

"मग हरकत नाही."

म्हणे हरकत नाही! टेबलावरचा हेडफोन तिकडे माशीसारखा घोंघावत होता.

कपडे दुरुस्तीच्या दुकानात लोकांच्या चेनी बदलून घरी आली की ती ऑनलाइन खेळात एका गिल्डची, म्हणजे एकजुटीने लढणाऱ्या टोळीची, लोहारीण असायची. बाकीचे लढायचे, लोखंड आणून द्यायचे; ती तलवारी नि चिलखतं घडवून द्यायची. फुकट. आपल्याच माणसांकडून काय घ्यायचं? खेळाचा नियम असा, की घडवताना एखादी वस्तू मालासकट भट्टीत जळून जाते. कुणाच्याही हातून. आज जळालेली ढाल ड्रॅगनच्या खवल्याची होती आणि त्या एका खवल्यासाठी अख्खी टोळी कित्येक महिने राबली होती.

तिने हेडफोन पुन्हा कानाला लावला.

"काकू, चेष्टा करताय ना?" हा सरदार, टोळीचा म्होरक्या.

"चेष्टा कशाला करू? जळाली."

"पण तुमच्या हातून कधीच जळत नाही! बाकीच्या लोहारांकडे जळतं."

"आणि जळायला नेमका हाच खवला मिळाला," मध्येच गरुड बोलला. लढाईत हा कायम सगळ्यांच्या मागे, पण बोलण्यात पुढे. "बाजारात अशा ढालीला काय भाव आहे, ठाऊक आहे ना सगळ्यांना?"

"म्हणजे मी विकली?"

"मी कुठे तसं म्हणालो?"

"मग काय म्हणालास, राजा?"

बाकीच्यांपैकी कुणी त्याला अडवलं नाही, आणि तेच तिला जास्त लागलं.

"अरे, माझ्याकडेही जळायचं," ती शेवटी म्हणाली. "तुम्ही इतक्या कष्टाने माल आणायचात, सांगायला जीव व्हायचा नाही. मग मीच खाणीत जाऊन खणायची, नि पुन्हा घडवून द्यायची. हा खवला कुठून खणू?"

"इतकं कोण करतं, काकू? तेही फुकट?" गरुड हसला.

तिने कपाळावर हात मारला. खरंच, कोण करतं!

"एक काम करा," सरदार अवघडून म्हणाला. "तुमची मालाची नि नाण्यांची पेटी उघडून दाखवा. विषयच संपेल."

"दाखवते. पण मग खरंच संपेल हं. पुन्हा तुमच्यासाठी घण उचलणार नाही."

कुणीतरी 'राहू दे' म्हणेल म्हणून ती थांबली. कुणी म्हणालं नाही.

तिने पेटी उघडली. आत थोडा कोळसा होता आणि लोखंडाचे दोन खडे.

"काकू, तसं नव्हतं हो..." सरदार सुरू झाला. तिने घण टोळीच्या सामाईक कोठारात ठेवला आणि कॉम्प्युटर बंद केला.

स्वयंपाकघरात नवऱ्याने चहा ठेवला होता. तिने पाव भाजायला घेतले.

"मिटलं का भांडण?"

"संपलं."

"सोडून द्यायचं गं. आपलीच माणसं."

डोक्यात तेच घोळत होतं, त्यामुळे एक पाव चांगलाच करपला. सवयीने तिने तो काळी बाजू खाली करून स्वतःच्या बशीत ठेवला. लग्न झाल्यापासून करपलेला पाव असाच, तिच्या बशीत, पालथा.

मग तिने तो उचलला आणि नवऱ्याच्या बशीत ठेवला. काळी बाजू वर.

"अगं, हा करपलाय!"

"हो," ती म्हणाली. "करपतात."

त्याने पावाकडे पाहिलं, मग तिच्या बशीकडे. "आधीही करपायचे?"

ती कपात चहा गाळत राहिली. त्याने सुरी घेतली आणि तो पावावरचं काळं खरवडायला लागला.