देवकीनं जोडलेली स्कूटर

मित्रांनो, मॉरिशसमधल्या बो बासें शहराच्या एका गल्लीत, घरामागच्या पत्र्याच्या छपराखाली फिकट हिरव्या रंगाची जी भारदस्त स्कूटर उभी दिसते, ती मी. माझा जन्म इटलीतल्या एका कारखान्यात झाला. लाकडी खोक्यात बसून मी पोर्ट लुईसच्या बंदरात उतरले, तेव्हा मॉरिशस स्वतंत्र होऊन थोडीच वर्षं लोटली होती. रस्त्यांवर मोपेड पुष्कळ दिसत. माझ्याएवढ्या मोठ्या स्कूटरी मात्र मोजक्याच होत्या. चढावर मला धाप लागत नसे, याचा मला त्या वयात अभिमान होता.

मला चंद्रमोहन यांनी विकत घेतलं. ते सरकारी कचेरीत होते. रोज सकाळी आम्ही पोर्ट लुईसला जात असू आणि संध्याकाळी घरी परतत असू. रविवारी मागच्या सीटवर त्यांची बायको देवकी बसे. ती मंदिरात मुलांना मराठी शिकवत असे. तिला तिथं सोडायचं, आणि वर्ग संपला की तिला घेऊन आम्ही उसाच्या शेतांमधून त्रियोलेला निघत असू. तिथं चंद्रमोहन यांचा धाकटा भाऊ गजेंद्र राहत होता.

दरवर्षी हिवाळ्यात, म्हणजे आमच्याकडे जुलैत, चंद्रमोहन मला पूर्ण उघडत. व्हरांड्यात जुनी चादर अंथरायची, एकेक भाग पेट्रोलनं धुवायचा, पुसायचा आणि ओळीनं मांडायचा. त्यांचे हात विलक्षण होते. तोंडानं ते कचेरीतल्या गोष्टी बोलत असत आणि बोटं आपल्या वाटेनं चालत. एकदा देवकी चहा घेऊन आली आणि पायाशी आलेला एक नट तिनं बाजूला सरकवला. ते ओरडलेच, "हात नको लावू गो! एक हललाय तं सगळा घोटाळा!" तिनं कप खाली ठेवला आणि ती आत गेली. पुढे ती चहा उंबऱ्यावरच ठेवू लागली.

मग एका वर्षी मोठा सिक्लोन आला. आमच्याकडे चक्रीवादळाला हेच नाव आहे. घराचे पत्रे टिकले, पण मागच्या अंगणात पाणी भरलं आणि मी त्यात एक रात्र उभी राहिले. इंजिनात गाळ गेला. वारा थांबल्यावर चंद्रमोहन यांनी मला पुन्हा चादरीवर घेतलं, आणि या खेपेला अगदी शेवटच्या वॉशरपर्यंत सोडवलं. सगळं धुऊन झालं होतं. फक्त जोडायचं राहिलं होतं. त्या सुमारास एका सकाळी तोंड धुताना ते मोरीत कोसळले.

त्यांना लकवा झाला होता. हॉस्पिटलातून ते परत आले तेव्हा उजवा पाय फरफटत होता आणि उजवा हात मांडीवर नुसता पडून होता. बोलणं हळू, पण स्पष्ट राहिलं. ते व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत बसत आणि समोर मी तुकड्यांत पडलेली असे. देवकीनं माझ्यावर दुसरी चादर टाकली. ती काढायला कोणी येत नव्हतं.

हाताच्या व्यायामासाठी नेमानं हॉस्पिटलात या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. चंद्रमोहन गेले नाहीत. बसमध्ये चढताना कंडक्टर दंड धरून वर ओढतो आणि सगळे बघतात, ते त्यांना सोसत नव्हतं. एकदाच गेले, मग घराबाहेर पडणंच त्यांनी सोडलं.

अशात गजेंद्र गाडी घेऊन आला. त्याच्या हातात दोन रिकामी पोती होती.

"दादा, लेस ली. सोडून दे आता," तो म्हणाला. "ही कोन चालवनार? मी घेऊन जातो, भंगारात घालतो. तुला रोज बघायला तरी नको."

चंद्रमोहन भिंतीकडे बघत राहिले. मग त्यांनी होकाराची मान हलवली.

देवकी दारात उभी होती. "भावजी, पोती ठेवा खाली."

"वैनी, तुमाला येतंय हे काम?"

"नाय येत. यांना येतंय. हे सांगतील, मी करीन."

"पा कापाव, देवकी," चंद्रमोहन म्हणाले. "नाय जमनार."

"तुमाला जमनार नाय, ते दिसतंय," ती म्हणाली. "मला जमतंय का, ते अजून कोनी पायलं नाय."

गजेंद्रनं भावाकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं, आणि पोती घडी करून गाडीत टाकली.

दुसऱ्या दिवसापासून दुपारची कामं उरकली की देवकी पदर खोचून चादरीवर बसू लागली. सुरुवात बरी झाली. पिस्टनच्या डोक्यावर बाणाची खूण असते. ती सायलेन्सरच्या बाजूला आली पाहिजे, हे चंद्रमोहन यांना पाठ होतं. रिंगा किती नाजूक असतात तेही त्यांनी सांगितलं. तरी तिच्याकडून एक तुटली. त्यांनी डोळे मिटले. नवी आणावी लागली.

खरी पंचाईत झाली ती क्लचपाशी.

"आता ते घाल. मग ते," चंद्रमोहन म्हणाले.

"ते म्हंजे कुठलं?"

"ते गो! त्याच्या मागचं!" त्यांनी दाखवायला हात उचलला, पण तो उचललाच गेला नाही. मांडीवर तसाच राहिला. मग ते मोठ्यानं ओरडले, काय ओरडले ते इथं सांगत नाही. देवकीनं पाना खाली ठेवला आणि ती स्वयंपाकघरात गेली.

दुसऱ्या दुपारी ती पुन्हा येऊन बसली. चंद्रमोहन म्हणाले, "मला सांगता येत नाय, देवकी. मला ठाऊकच नाय. हात करायचा. मी कदी बघितलंच नाय तो काय करतो ते."

देवकी म्हणाली, "मग आता बघूया. या खाली."

आजारपणानंतर ते पहिल्यांदाच खुर्चीतून जमिनीवर उतरले. उतरायला फार वेळ लागला आणि तिनं मदत केली नाही. मात्र हात तयार ठेवला होता. त्यांनी डाव्या हातात क्लचची एक चकती धरली. तिनं दुसरी घेतली. कुठली कडा झिजली आहे, कुठली कशावर घासत असणार, हे दोघं ताडून बघू लागले. चुकलं की काढायचं, पुन्हा बसवायचं. माझे भाग आतापर्यंत एकाच माणसाला ठाऊक होते. आता ते दोघांना कळू लागले, आणि त्यांतल्या एकाला दुसऱ्यांदा.

मी उभी राहिले त्या दिवशी गजेंद्र मुद्दाम आला. देवकीनं किक मारली. मारतच राहिली. तिचा पाय थकायच्या बेतात असताना मी खोकले, निळा धूर सोडला आणि सुरू झाले. तिनं हँडलची मूठ पिळून पहिला गिअर घातला, क्लच सोडला, तशी मी गचका खाऊन बंद पडले. पुन्हा तेच झालं, आणि त्यानंतरही.

"आयो, वैनी..." गजेंद्र हळूच म्हणाला.

"गप," चंद्रमोहन म्हणाले. ते कान देऊन बसले होते. "पुन्यांदा लाव." मी पुन्हा गचकले. तेव्हा ते म्हणाले, "गिअरच्या तारा उलट्या लागल्यात, पहिल्याऐवजी वरचा गिअर पडतोय. हिचं काय चुकलं नाय. मीच उलट सांगितलं. वरची खाली घे, देवकी."

तिनं तारा बदलल्या. मी तिला घेऊन अंगणाच्या दारापर्यंत गेले आणि तिथं ती जोरात ब्रेक दाबून थांबली, कारण पुढे काय करायचं ते तिला माहीत नव्हतं.

ते ती गल्लीत शिकली. शेजारणी खिडकीत उभ्या राहत. कुंपणाला ती एकदा धडकली, माझा मडगार्ड चेपला, तो अजून तसाच आहे. परवाना मिळाला तशी तिनं चंद्रमोहन यांना मागं बसवलं आणि आम्ही हॉस्पिटलात गेलो. डाव्या हातानं सीटचा पट्टा घट्ट धरून ते वाटभर "क्लच, क्लच" करत होते. "ऐकू येतंय," ती म्हणत होती. पुढे आम्ही नेमानं जाऊ लागलो. हात पूर्ण सुधारला नाही. कप धरता येऊ लागला, पाना कधीच नाही. पण ते बाहेर पडू लागले. एका रविवारी आम्ही त्रियोलेला गेलो. गजेंद्र फाटकात उभा होता. नेहमी फाटकाचं एकच दार उघडायचा, त्या दिवशी त्यानं दोन्ही उघडली.

हे बरीच वर्षं चाललं. मग एका उन्हाळ्यात चंद्रमोहन गेले. झोपेतच गेले.

त्यानंतर मला कोणी हात लावला नाही. देवकी मंदिरातल्या वर्गाला बसनं जाऊ लागली. शेजारची कोंबडी माझ्या पायदानावर अंडी घालायची. टाकीतलं पेट्रोल शिळं झालं, कार्बुरेटर चिकटला, मडगार्डाखाली गंज धरला. मी तक्रार करत नाही. घरात माणूस गेलेलं असताना स्कूटरकडे कोण बघणार?

पुढच्या जुलैत एका दुपारी देवकीनं व्हरांड्यात चादर अंथरली. तिनं मला एकटीनं उघडलं, धुतलं, मांडलं आणि जोडायला घेतलं. क्लचपाशी आल्यावर ती मान वर न करता म्हणाली, "आता कुठली?"

विचारून ती थांबली. पाना हातात तसाच होता. मग तिनं चकती उजेडाकडे फिरवली, झिजलेली कडा शोधली आणि ती जागेवर बसवली.

मित्रांनो, माझं मागणं फार मोठं नाही. आम्हां यंत्रांना तेल लागतं, पुसणं लागतं, ते तुम्ही कराल. पण घरातलं एखादं यंत्र तुम्ही जिवापाड जपत असाल, तर त्याच्यापाशी एकटे बसू नका. कुणाला तरी शेजारी बसवा, त्याच्याकडून एखादी रिंग तुटू द्या, आणि तुमच्या हाताला जे ठाऊक आहे ते त्याच्या हाताला कळू द्या. त्या दुपारी मी दुसऱ्याच किकला सुरू झाले.