शिकाऊंची मशीन

मित्रांनो, माझ्यावर शिवलेला एकही कपडा कधी बाजारात गेला नाही. मी सुरतेत पर्वत पाटियाजवळच्या एका कारखान्यातली जुनी शिलाई मशीन आहे, शिकाऊंसाठी ठेवलेली. तिथे पेटीकोट शिवले जात. नवी बाई आली की शिलाई शिकवणारी धुरपदाबाई तिला आधी माझ्यापुढे बसवायची. सुईत दोरा नाही, सुईखाली कापड नाही. वहीचा रेघांचा कागद! रेघेवरून भोकं नेमकी पडली, तरच कापड हाती मिळायचं.

"पाय हळू सोड, लेकी," ती म्हणायची. "कापडाला पळवायचं न्हाई, संगं न्यायचं."

डिंडोली वस्तीतून येणारी पल्लवी माझ्यावरच शिकली. तीन दिवस रडली, चौथ्या दिवशी हसली. कौतुक मात्र धुरपदाबाईचं झालं. होऊ द्या, मी कुठे रुसले होते?

१९९६ साली शेठनी पेटीकोट सोडून शाळेचे शर्ट शिवायचं ठरवलं. धंदा बदलला, पण माणूस जोखायची रीत तीच राहिली: दिवसाला नग किती? शिकवणारीचे नग कुठून येणार?

"मौसी, अब सिखाने का टाइम नहीं," असं म्हणून शेठनी नेमकं तिलाच घरी पाठवलं.

मला कोपऱ्यात सारलं. माझ्यावर चहाचे पेले साचू लागले. सगळा कारखाना खडखडत असायचा आणि मला फार एकटं वाटायचं.

सरळ शिलाईत तरबेज असलेल्या बायकांना कॉलर कुठे येत होती? एक टोक वर, एक खाली. शर्टांचे गठ्ठे परत आले. तहान लागल्यावर शेठ विहीर खणायला निघाले! पल्लवीकरवी त्यांनी धुरपदाबाईला बोलावलं.

ती आली. माझं चाक फिरवून पाहिलं, तेल घातलं. वाटलं, आता बसेल.

"शेठ, शर्टाचं ठरवलं तवाच इचारायचं हुतं, कुणाला काय येतं ते. आता तिकडं सचिन गावातल्या कारखान्यात धा पोरी माझ्याकडं शिकत्यात. त्यांना अर्ध्यावर टाकू का?"

शेठ ओशाळले. "तो ये मशीन ले जाओ, मौसी."

"नगं. तिथं नव्या हायेत."

माझ्याकडे न बघता ती गेली. मी आतून मोडले. पुढच्या सोमवारी पल्लवीही सचिनला गेली.

मित्रांनो, नवं काम हाती घ्याल, तेव्हा ते करणाऱ्या हातांना आधी विचारा. आणि शिकवणारं माणूस दाराबाहेर निघालं, तर त्याला अडवा. मला बोलता येत नव्हतं. तुम्हाला येतं.