सुईबाबांचं चालतं औषध

सभागृहात खुर्च्या चाळीस होत्या, माणसं एकसष्ट, काठ्या सतरा आणि पडदा एक. भाचीने दोनदा मोजलं. मोजल्याशिवाय तिला चैनच पडत नसे. एकसष्टांतली एक तिची आत्या होती, गळ्यात शिवणकामाची टेप अडकवून पहिल्या रांगेत बसलेली.

शिलाई मशीन चालवून चालवून आत्याचे गुडघे कुरकुरायला लागले होते. गुडघेदुखीवर इंजेक्शनं टोचणाऱ्या सुईबाबांनी तिला बारा सुया सांगितल्या आणि मधुमेहाचं इन्सुलिन बंद करायला लावलं. दोन सुया एका अंगात नांदत नाहीत म्हणे. त्याला आज तीन दिवस झाले होते. सकाळी साखर तीनशे बारा भरली, तर आत्या म्हणाली, अंगातलं जुनं बाहेर पडतंय. आज तिची पहिली सुई होती.

व्यासपीठावर बाबा रंगात आले होते. औषधाला पत्ता द्यावा लागत नाही, खांद्यात टोचा, ते गुडघा विचारत विचारत जातं, असं त्यांचं चाललं होतं. टोचण्याआधी ते सिरिंज कानाशी धरून अकरा वेळा खळखळवत. ते औषधाला जागं करणं. मग सोनोग्राफीच्या यंत्राची मूठ खांद्यावर टेकवली की पडद्यावर पांढऱ्या ठिपक्यांचा ढग उमटे. मूठ अंगावरून खाली सरकू लागली की ढग चालू लागे आणि गुडघ्याशी लख्ख पांढरी रेघ झळकली की अख्खं सभागृह उठून उभं राही. नुकतीच सुई घेतलेला एक बसचालक शेजारपाजाऱ्यांना सांगत होता की त्याचा गुडघा आतून गारेगार झालाय.

भाचीला हसू आवरेना. स्नायूत टोचलेलं औषध कुठवर पसरतं, ते अशाच यंत्रावर मोजणं हे तिचं रोजचं काम होतं. आत्याचं नाव पुकारलं गेलं तशी ती आत्याच्या कानाशी वाकली.

"आत्या, कापडाला कात्री लावायच्या आधी तू काय करतेस?"

"माप घेते. नाहीतर गिऱ्हाईक माझीच कातरण करेल."

"मग सुईच्या आधीचं माप कोणी घेतलंय?"

आत्या उठली. मग व्यासपीठावर चढली, साडी गुडघ्यापर्यंत वर घेतली आणि बाबांना म्हणाली, "खांदा नंतर. आधी गुडघा दाखवा."

बाबा म्हणाले, असं आधी पाहिलं की औषध लाजतं.

"लाजायला ते अजून अंगात गेलंय कुठे? तुमच्याच हातात आहे," आत्या म्हणाली.

सभागृह खदखदून हसलं. बाबा मागे सरले, तशी मागोमाग वर आलेल्या भाचीने मूठ उचलून आत्याच्या गुडघ्यावर टेकवली. पडद्यावर तीच लख्ख पांढरी रेघ.

बसचालक हळूहळू उभा राहिला. "म्हणजे निघायच्या आधीच पोचलं? वीस वर्षं गाडी चालवतोय, माझ्या बसला हे कधी जमलं नाही."

मग हसण्याचा असा लोट उठला की दोन काठ्या खाली पडल्या. भाचीने समजावून सांगितलं. ती रेघ म्हणजे हाड. हाडावरून आवाजाच्या लहरी परततात, म्हणून ते पांढरं दिसतं, तुमचं, माझं, बाबांचंही. सिरिंज खळखळवली की औषधात हवेचे बुडबुडे मिसळतात, ते ठिपके. आणि ढग चालत नाही, मूठ चालते. धावत्या गाडीतून झाडं पळताना दिसतात तसं. गुडघ्यासाठी डॉक्टरांकडे जा, ती म्हणाली, आणि कोणीही चमत्कार दाखवला की एवढंच विचारा: आधी काय होतं? हे विचारायला शिक्षण लागत नाही, धीर लागतो.

बसचालकाने खांदा पुढे केला. भाचीने मूठ हलू न देता पडद्यावरचा ढग मोजला. सुईच्या जागेपासून औषध दोन पूर्णांक आठ सेंटिमीटर पसरलं होतं. आत्याने टेप काढून त्याच्या खांद्यापासून गुडघ्यापर्यंत लावली आणि मोठ्याने वाचलं, "शंभर." हे सगळं होईपर्यंत बाबा मागच्या दाराने गेले होते. यंत्र मात्र राहिलं.

आत्याने टेप गळ्यात टाकली. "चल घरी," ती भाचीला म्हणाली, "माझी सुई राहिलीये."

वाटेतच त्यांनी डॉक्टरांना फोन केला आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे इन्सुलिन त्याच दिवशी पुन्हा सुरू झालं. पाचव्या दिवशी सकाळी, उपाशीपोटी, आत्याची साखर भरली एकशे अठ्ठावीस.