शनिवारचं रीळ

सिनेगॉगच्या हॉलमध्ये दरवर्षी आठवडाभर सिनेमे दाखवत, आणि एकतीस वर्षं तिथलं मशीन एकच माणूस चालवत होता. त्याला सगळे ऑपरेटरच म्हणत. तो स्वतः ज्यू नव्हता, बायको होती. सिनेमे ती निवडायची. आजीचं खरं आडनाव शोधत फिरणारी नात, छळछावणीतून जिवंत परतून पुन्हा त्याच गल्लीत दुकान थाटणारा शिंपी, असे. शेवटच्या दिवशी, रविवारी, बायकोच्या वडिलांचं सत्तर वर्षांपूर्वीचं सात मिनिटांचं रीळ लागायचं. अंगणात जेवायला बसलेलं सगळं कुटुंब, आवाज नाही. बायको पडद्याशेजारी उभी राहून एकेकाकडे बोट दाखवायची आणि हा कोण, पुढे त्याचं काय झालं, ते सांगायची.

बायको जाऊन पाच महिने झाले होते. हे सिनेमे भरवणाऱ्या समितीच्या अध्यक्ष दातांच्या डॉक्टर होत्या. त्या म्हणाल्या, "यंदा तुम्ही सांगा. एकतीस वेळा ऐकलंय तुम्ही."

"एकदाही नाही."

"म्हणजे?"

"मी वरच्या खोलीत. मशीनची घरघर, मध्ये जाड काच. तिचा हात कधी वर जायचा ते सांगतो. काय बोलायची, ते नाही ठाऊक."

"घरी कधी विचारलं नाहीत?"

घरी बायको होतीच, विचारायची घाई कसली?

तिने कुठे काही लिहूनही ठेवलं नव्हतं. त्याने सगळे खण उपसून पाहिले. सांगू शकणारी एकच व्यक्ती उरली होती, मोठी मेहुणी. वय एकोणऐंशी. पण तिने ते रीळ जन्मात पाहिलं नव्हतं. ते शब्बाथच्या दिवशी घेतलेलं होतं. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी अंधार पडेपर्यंत काम करायचं नाही, यंत्राला हात लावायचा नाही, आणि मेहुणी या बाबतीत तसूभरही हलणारी नव्हती.

तो गुरुवारी तिच्याकडे गेला. तिसरा मजला, लिफ्ट बंद.

"या ऑपरेटर," ती म्हणाली. "वाळलात. स्वयंपाक करता की नुसते डबे उघडता?"

"करतो, ताई."

"खोटं बोलू नका, शर्टाची कॉलर सांगतेय."

त्याने काम सांगितलं. तिने चष्मा काढून पुसला. "मी ते बघणार नाही. तुमच्या बायकोलाही हेच सांगत आले."

"बघू नका. मी सांगतो काय दिसतं ते, तुम्ही फक्त कोण ते सांगा. रीळ मला पाठ आहे."

ती नाही म्हणाली नाही. त्याने वही काढली.

"डावीकडून पहिला. जाड मानेचा. अर्धा पाव खातो, अर्धा खिशात घालतो."

"काचवाला मामा!" ती एकदम हसली. "तो झोपायलाही पाव घेऊन जायचा. छावणीतून आलेला ना."

"त्याच्या शेजारची बाई सारखी डोक्यावरचा रुमाल ओढते."

"मधली आत्या. केस परत उगवलेच नाहीत नीट."

असे चौदा जण झाले. कोण कुठल्या देशाला गेलं, कुणाचं पत्र यायचं थांबलं, कुणी नाव बदलून घेतलं, ती सांगत गेली आणि त्याचा हात दुखेपर्यंत तो लिहीत गेला. बायको त्यात आईच्या मांडीवर होती, दीड वर्षाची, कपाळाला भात लागलेला.

"वडील उजवीकडे बसलेत," तो म्हणाला. "हसून समोर बघतात."

मेहुणी पुन्हा चष्मा पुसू लागली.

"तुम्ही कुठेच नाही, ताई."

"खेळत असेन कुठेतरी."

"कॅमेरा टेबलाच्या उंचीवर आहे. मामा हसला की चित्र हलतं, म्हणजे धरणाराही हसतोय. कुणीतरी लहान मूल आहे, हे मला पहिल्या वर्षीच कळलं होतं. विचारलं नाही."

ती उठून खिडकी लावून आली. लावायची काही गरज नव्हती.

"नऊ वर्षांची होते," ती म्हणाली. "रविवारी पहाटे बरेच जण देश सोडून निघणार होते, म्हणून बाबांना चित्रात सगळे हवे होते, स्वतःसकट. म्हणाले, चावी मी देतो, तू नुसतं बटण दाब, पाप माझ्या माथी. मी दाबलं. आणि त्यातले निम्मे मला पुन्हा दिसले नाहीत. मला काय वाटलं असेल, सांगा."

ऑपरेटरला समजूत घालता येत नसे. बायको असती तर तिने हात धरला असता. तो म्हणाला, "ते जाणारच होते, ताई. रविवारी पहाटे निघायचं, म्हणजे तिकिटं आधीच काढलेली होती."

"हे इतक्या वर्षांत मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही कुणाला विचारलंत?"

"तुम्ही फार बोलायला लागलात," ती म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

रविवारी हॉल भरला. मशीन डॉक्टरांच्या नवऱ्याकडे दिलं होतं. फोकस ढिला होता, तरी ऑपरेटर वर धावला नाही. पडद्याशेजारी वही घेऊन उभा राहिला. दिवे गेल्यावर वहीतलं दिसेना, हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. इतकी वर्षं तो उजेडाच्या बाजूला असायचा.

"हा काचवाला मामा," तो आठवून म्हणाला. "ही... धाकटी आत्या."

"मधली!" दाराजवळच्या खुर्चीवरून आवाज आला. "धाकटी तिच्या पलीकडे. आणि जरा मोठ्याने बोला."

मेहुणी भिंत धरत पुढे आली. तिने पडद्याकडे पाहिलं, थांबली, मग तिथूनच बोलू लागली. आवाज बायकोसारखा नव्हता, चिरका होता, आणि ती मध्येच भांडल्यासारखी बोलत होती. पुढे वडील आले. "हे माझे बाबा. कॅमेरा मी धरलाय," ती म्हणाली, आणि पुढच्या माणसाकडे वळली.

पहिल्या रांगेत एक खुर्ची रिकामी होती. ऑपरेटर तिथे बसला आणि ऐकू लागला.